शेवटचे बावीस फूट

"कासव उडतं का गं, मंदा?" पेठे साहेबांनी विचारलं.

"नाही सर."

"उडी मारतं?"

"नाही."

"मग हे वाच."

त्यांनी टाइप केलेलं दोन पानी पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. खाली सुळे यांची सही. सुळे डोंबिवलीला राहायचे आणि वागळे इस्टेटमधल्या एका गिअरच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. त्या कारखान्याच्या रिक्रिएशन क्लबला घेऊन मी शनिवारी कोकणात जाऊन आलेले. पत्र वाचून झालं तेव्हा माझ्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, सुळे यांनी जे मोजलंय ते बरोबर असणार. दोन, ते बरोबर असेल तर कासव शेवटचे बावीस फूट हवेतून समुद्रात गेलेलं.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. पेठे साहेबांची ट्रॅव्हल कंपनी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या वर होती. धंदा मुख्यतः महाबळेश्वर आणि वर्षातून एकदा साउथ. मी तिथे गाइड. बीएस्सी, झूलॉजी. आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट मी, आणि आमच्या कोळीवाड्यातल्या मुलींमध्येही पहिली मीच. हे मी तेव्हाही सांगायचे, आताही सांगते.

कासवांची ट्रिप ही माझीच आयडिया. रत्नागिरीकडच्या एका गावात समुद्री कासवं थंडीत अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. एका निसर्गसंस्थेने तिथे अंड्यांची राखण सुरू केलेली. मी साहेबांना म्हटलं, आपण माणसं नेऊ या, रात्रीचा वॉक करू या. साहेब म्हणाले, झूलॉजी तुझं, जबाबदारी तुझी.

वॉक म्हणजे काय, ते सांगते. कासवाची मादी रात्री पाण्यातून बाहेर येते, रांगत कोरड्या रेतीपर्यंत चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत पाण्यात जाते. सगळा कारभार तासाभराचा. तिला उजेड दिसला किंवा पुढ्यात हालचाल दिसली तर ती अर्ध्या वाटेतून माघारी फिरते. म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावायचा, पांढरे कपडे नकोत, बोलणं नको, आणि ती अंडी घालायला लागल्यावर मागच्या बाजूला जाऊन बसायचं. ती रांगते तिथे रेतीत छोट्या ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग उमटतो. आम्ही त्याला ट्रॅक म्हणायचो. एक चढताना, एक उतरताना.

किनाऱ्यावर राखणीला भिकूदादा होते. साठीचे, एका गुडघ्याने अधू, होडी विकून टाकलेली. तरुणपणी ते हीच अंडी काढून बाजारात विकायचे, आणि ते लपवायचे नाहीत. "अंडी कुठं असतात ते मला नाय कळणार तर कुणाला कळणार?" म्हणायचे. मादी गेली की ते अंडी काढून कुंपणातल्या खड्ड्यात पुरायचे, म्हणजे कोल्ह्याकुत्र्यांपासून सुरक्षित. त्यांचा पगार आमच्या कंपनीकडून जायचा. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. मादी साधारणपणे भरतीच्या पाण्याबरोबर येते. पाणी वर चढलेलं असलं की तिला रेतीवर कमी रांगावं लागतं. म्हणजे भरतीची वेळ कळली की वॉकची वेळ कळते. आणि भरती काढायला मला पुस्तक लागत नव्हतं. पुनवेला आणि अवसेला सव्वा वाजता पाणी भरतं, दुपारी एकदा, रात्री एकदा. तिथून एक दिवस पुढे गेलात की पाऊण तास पुढे, एक दिवस मागे आलात की पाऊण तास मागे. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि बोटांच्या पेरांवर मोजायचं. मला हे आईने शाळेत घालायच्या आधी शिकवलेलं. साहेबांना मी करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "वा, घरचाच एक्स्पर्ट." मला बरं वाटलं.

पहिली ट्रिप पौर्णिमेच्या आदल्या रात्री होती. हिशोबाने साडेबाराची भरती. आम्ही सव्वाबाराला किनाऱ्यावर हजर. भिकूदादा एकटेच बसलेले.

"गेलं," ते म्हणाले. "आत्ताच गेलं, बाय. पाऊण तास झाला असेल."

रेतीत ताजा ट्रॅक होता. लोकांनी ट्रॅक बघितला, कुंपणातला नवा खड्डा बघितला, थोडी हळहळ केली. निघताना भिकूदादा म्हणाले, "पुढच्या वेळी जरा लवकर या."

दुसरी ट्रिप पंधरा दिवसांनी. पुन्हा वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो. पुन्हा भिकूदादा एकटे, पुन्हा ताजा ट्रॅक. "थोडक्यात चुकलं. जरा लवकर या हो."

मला काही कळेना. पहिल्या वेळी मी म्हटलेलं, नशीब. दुसऱ्या वेळी ते म्हणता येईना. बसमध्ये बसून मी कारणं शोधायला लागले. टॅल्कम पावडरचा वास? वाऱ्याने तो आमच्या आधी पोचत असेल? टॉर्चचा कागद पातळ आहे? तिसऱ्या ट्रिपला मी कागद डबल केला, पावडर आणि गजरे बंद केले, बायकांच्या बांगड्यांना रुमाल बांधायला लावले. कारखान्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, कासवाला बघायला चाललोय का त्याच्या घरी चोरी करायला?" सगळे हसले, पण रुमाल बांधले.

त्या रात्री द्वादशी. पुनवेच्या सव्वामधून तीन दिवसांचे सव्वादोन तास वजा, म्हणजे अकराची भरती. पावणेअकराला आम्ही किनाऱ्यावर.

"गेलं," भिकूदादा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मी पावडर बंद केलेली, बांगड्या बंद केलेल्या. आता काय राहिलं? एक शंका माझ्या मनात आली आणि मी ती झटकली. पण ती आली, हे खरं.

तिकडे सुळे आपल्या खिशातला स्टीलचा टेप काढून रेतीत वाकलेले मला दिसत होते. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, ट्रॅकची रुंदी मोजत असेल. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन वाकले. कुणाला काही बोलले नाहीत. सुळे जागेवर वाद घालणाऱ्यांतले नव्हते. कारखान्यात खराब माल आला की ते बोलत नाहीत, रिजेक्शन नोट पाठवतात. तीच नोट आता माझ्या हातात होती.

नोटेत लिहिलेलं: पाण्याकडे उतरणारा ट्रॅक पाण्यापर्यंत पोचतच नाही. ११.०५ ला ट्रॅकचं शेवटचं टोक ते पाणी, अंतर बावीस फूट. मधली रेती ओली, सपाट, कसलीही खूण नाही. ११.४० ला अंतर छत्तीस फूट. गाइडच्या म्हणण्याप्रमाणे अकराला भरती होती, म्हणजे मादी गेली तेव्हा पाणी चढत होतं. चढतं पाणी असताना ट्रॅकचं टोक पाण्याखाली असायला हवं. ते नाही. सबब ट्रॅक बनावट. राखणदाराने फळी ओढून केलेला असावा. अंडी कोणत्याही दिवसाची असू शकतात. राखणदाराचा पूर्वीचा व्यवसाय लक्षात घ्यावा.

"काय म्हणणं आहे तुझं?" साहेबांनी विचारलं.

"भिकूदादा असं करणार नाहीत, सर."

"ते मी विचारलं नाही. बावीस फूट कुठे गेले?"

"मला माहीत नाही."

"तीन ट्रिपा, आणि कासव कुणी बघितलेलं नाही. तूही नाहीस. बरोबर?"

"हो."

"मग त्याला काढू या. क्लबला कळवू, माणूस बदलला. तू रिपोर्ट लिही. सोमवारी मला टेबलावर पाहिजे."

मी संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत गेले. ओळखीच्या ग्रंथपालांनी कपाट उघडून दिलं. जाडजूड पुस्तकात लिहिलेलं: मादी समुद्रात परतते. कशी, ते सगळं होतं. शेवटचे बावीस फूट नव्हते. मी ट्रॅकचं चित्र काढलं, पाण्याची रेघ काढली, मध्ये मोकळी जागा सोडली आणि तिच्याकडे बघत बसले. ट्रॅक बनावट नव्हता, हे मला ठाऊक होतं. पुढच्या पायांचे एकाआड एक ठसे, मधून शेपटीची पुसट रेघ. फळीने ते जमत नाही. आणि अंतरही खोटं नव्हतं. सुळे यांचा टेप खोटा कसा असेल? दोन्ही खरं, आणि दोन्ही एकत्र बसत नाही. डोकं चालेना.

रविवारी घरी कागद घेऊन बसले. ‘सदर राखणदार’ एवढं लिहून थांबले. आई उंबऱ्यात बसून जवळा निवडत होती. माझी आई शाळेत गेलेली नाही. ती ओहोटीला ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात उतरून खुबे आणि शिंपल्या काढायची, त्यावर आमची शिक्षणं झाली.

"जेवत का नाय?" तिने विचारलं.

"एका माणसाला कामावरून काढायचं लेटर लिहायचंय."

"काय केला त्याने?"

"तेच कळत नाही."

"मंग वाच. मना पन कलंल."

पत्र इंग्रजीत होतं. मी मराठी करत वाचून दाखवलं. ती मान खाली घालून जवळा निवडत ऐकत होती. आकड्यांपाशी हात थांबला.

"परत वाच. आधी बावीस, आनि मंग?"

"छत्तीस. अर्ध्या तासाने."

"मंग पानी उतरत होता."

"नाही गं. अकराला भरती होती. मी काढलेली."

"कशी काढलीस?"

"तू शिकवलंस तशी. बारस होती. पुनवेचे सव्वा, तीन दिवस मागे. अकरा."

"ते आपले सव्वा हायेत," आई म्हणाली. "खाडीचे."

"मग?"

"मंग काय मंग? खाडीत पानी येतं कुठून? समिंदरातून. आधी समिंदराला भरतं. मंग मुंबैला. मंग खाडी चढत चढत आपले बंदरात. आपल्याकडं भरतं तवर तिकडं कवाचा उतरायला लागलेला असतं. तुजा बापूस बाहेर होडी न्यायचा तवा पुनवेला सव्वा नाय धरायचा. साडेअकरा-बारा धरायचा."

मी मग म्हटलं, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा समिंदरावर गेलेलीस? मी तुला खुबे काढायला शिकवलेला."

मी कागदावर पुन्हा ट्रॅक काढला. आता बघा. द्वादशीला त्या किनाऱ्यावर भरती अकराला नव्हतीच, सव्वानऊच्या सुमाराला होती. मादी नऊच्या आगेमागे आली, दहाला उतरली, तेव्हा पाणी जिथे होतं तिथे तिचा ट्रॅक संपला. त्यानंतर पाणी मागे सरकलं. अकरा पाचला बावीस फूट, अकरा चाळीसला छत्तीस. त्या मधल्या रेतीवरून कासव चाललंच नव्हतं. ते तिथून पोहत गेलेलं. आणि आम्ही तिन्ही वेळा, शेवटी तर रुमाल बांधून, श्वास रोखून, दीड तास उशिरा पोचत होतो.

वेळ चुकीची होती आणि ती मी काढलेली. पावडरीचा दोष नव्हता, कागदाचा नव्हता, भिकूदादांचा तर नव्हताच. ते दर वेळी सांगत होते, लवकर या. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, त्याला झोप येते.

सोमवारी मी रिपोर्ट दिला. एका पानाचा. चूक राखणदाराची नसून गाइडची आहे, असं त्यात लिहिलं आणि आकृती काढली.

साहेबांनी आकृती उलटसुलट करून बघितली. "म्हणजे मी क्लायंटला लिहू, की आमच्या कोळणीला भरती कळत नाही?"

"मला ठाण्याची कळते, सर."

"हे बघ मंदा. माणूस बदलला असं लिहिणं सोपं आहे. क्लब खूश, आपण खूश."

"आणि भिकूदादा?"

"त्याला दुसरं काम मिळेल."

"गुडघा गेलेल्या माणसाला त्या गावात दुसरं काम नाही, सर. आणि पुढच्या माणसाकडेही मी चुकीच्याच वेळी पोचले असते. त्याला पण काढाल?"

भिकूदादांना पाठवायचं पत्र टाइप होऊन ट्रेमध्ये पडलेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, पुढच्या ट्रिपपर्यंत हे थांबवा. सुळे यांना मी स्वतः भेटते.

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर दोघांना काढा."

हे बोलून गेले आणि जिन्यात पोचल्यावर घाबरले. घरात महिन्याचा पगार आणणारी मी एकटी होते.

वागळे इस्टेटमध्ये सुळे मला गेटवरच्या केबिनमध्ये भेटले. मी कॅलेंडर आणि आकृती पुढे ठेवली. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही आता सांगताय. माझं पत्र आल्यावर. आकड्यांत बसेल असं काहीही नंतर रचता येतं."

"मग आधी सांगते. पुढच्या ट्रिपला एकादशी आहे. ठाण्याच्या हिशोबाने भरती सव्वादहाला. मी म्हणते, तिथे ती साडेआठ ते नऊच्या मध्ये होईल. लिहून घ्या. तुम्ही या आणि मोजा."

त्यांनी डायरी काढली आणि खरंच लिहून घेतलं. वर माझी सही घेतली.

चौथ्या ट्रिपला जेवण मागे ठेवून आम्ही साडेसातलाच किनाऱ्यावर गेलो. भिकूदादा उठून उभे राहिले. "आज लवकर?"

सुळे यांनी काटक्या आणलेल्या. दर दहा मिनिटांनी ते पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायचे आणि डायरीत वेळ लिहायचे. पाणी चढत होतं, काटक्या एकेक करून बुडत होत्या.

"हे काय करतायत?" भिकूदादांनी मला हळूच विचारलं.

"भरती मोजतायत."

"मला विचारायची. पावणेनऊला थांबेल."

पावणेनऊला दोन मिनिटं असताना रोवलेली काटकी बुडली नाही. पुढची तिच्या खाली रोवावी लागली. त्याच्या पुढची आणखी खाली. सुळे टॉर्च विझवून माझ्याजवळ आले. "तुमचा दुसरा हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिला चूक होता." मग त्यांनी लाल उजेडात डायरीचं पान फाडून त्यावर लिहिलं: मोजमाप बरोबर, निष्कर्ष चूक, तक्रार मागे. तारीख घातली, सही केली, माझ्या हातात दिलं.

कासव त्या रात्री आलं नाही. आम्ही बारापर्यंत बसलो. एकजण कुरकुरला, "आज तर वेळेवर आलो ना आपण?"

"तुम्ही आलात," भिकूदादा म्हणाले. "तिला कुणी कळवलं नव्हतं."

माणसं जेवायला परतल्यावर मी मागे थांबले आणि त्यांना सगळं सांगितलं. पत्र, फळी, पूर्वीचा व्यवसाय, ट्रेमधलं लेटर. माझ्या मनात क्षणभर आलेली शंकाही सांगितली. न सांगता चाललं असतं.

त्यांनी सुळे यांची एक काटकी रेतीतून उपटली. मग म्हणाले, "मी सांगत होतो, लवकर या."

"मला वाटलं, तुम्हाला झोप येते."

"मी रात्रभर इथंच असतो. माझ्या झोपेसाठी तुम्हाला लवकर कशाला बोलवू?" थोड्या वेळाने म्हणाले, "विचारायचं तरी, कशाला म्हणून."

ट्रेमधलं लेटर साहेबांनी फाडलं. भिकूदादांचं काम टिकलं. पण त्या सीझनभर ते मला मॅडम म्हणाले, बाय नाही म्हणाले. पुढच्या थंडीत पहिल्या ट्रिपला मी दुपारीच त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, "रात्री किती वाजता निघू?"

"तुमचा हिशोब काय म्हणतो?"

"मी काढलेला नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वेळ सांगितली. त्या रात्री कासव आलं आणि आम्ही एकवीसजण तिथे होतो.

हिशोब बरोबर येणं आणि तो कुठला आहे हे माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे मला कॉलेजात मार्क मिळाले. दुसरीसाठी अजूनही कुणाला तरी विचारावं लागतं.